मेश्राम मॅडमचं तेल आणि माझे कान

बसा, बसा. मागचे जरा पुढे या. खुर्च्या माझ्याच आहेत, सरकवल्या तर कोणी काही म्हणणार नाही.

वंदना झाली. फुलं वाहून झाली. आता बोलायचं आहे आणि माझ्याच्यानं बोलवत नाही. भिलाईत आपल्या मराठी माणसांचं लग्न असो की मयत, मंडप माझा आणि माइकवर पहिला मी, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आजही तुम्ही मलाच उभं केलं. पण आज मी लिहून आणलं आहे. माझी जीभ मोकळी सुटली की थट्टा करते, आणि आज मला तिचा भरवसा वाटत नाही. चष्मा लावून वाचतो. अडखळलो तर सांभाळून घ्या. लाइट गेली आहे, बाहेर जनरेटर चालू आहे, त्याचा आवाजही सांभाळून घ्या.

फोटोजवळ एक बाटली ठेवली आहे, पाहा. मघाशी एकानं विचारलं, मनोहरभाऊ, मध आहे का? मध नाही. मेश्राम मॅडमनी करंजाच्या बियांपासून केलेलं डिझेल आहे ते. एक लिटर. या एका लिटरला काय काय लागलं ते आधी सांगतो. हा हिशेब मीसुद्धा याच आठवड्यात पहिल्यांदा केला.

याला चार किलो बी लागलं. सेक्टरच्या रस्त्यांवर चैत्रात ज्या शेंगा आपल्या चपलांखाली फुटतात, त्याच शेंगांचं. त्या वेचायला दोन बायांची एक सकाळ लागली. मोगरीनं फोडून बी काढायला त्याच बायांची एक दुपार. मग घाणी. मग तेल गाळणं, निवू देणं. मग स्पिरिट आणि कॉस्टिक घालून मंद आचेवर ढवळणं, खाली बसलेला गाळ सोडून देणं, वरचं तेल पाण्यानं पुन्हा पुन्हा धुणं, आणि थेंबभर पाणी राहू नये म्हणून परत तापवणं. एवढं लागलं. आणि वर माझी एक थट्टा लागली. थट्टा फुकट असते असं मी समजत होतो. या बाटलीत सगळ्यात महाग तीच पडली.

ताई म्हणजे तुमच्या मेश्राम मॅडम. सेक्टरच्या शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवायच्या. या हॉलमधल्या अर्ध्या बायांनी त्यांचा मार खाल्ला असेल, हात वर करायला सांगत नाही. त्या साकोलीकडच्या, माझंही गाव तिकडंच, म्हणून जगाच्या मॅडम त्या माझ्या ताई. सगळे मला मनोहरभाऊ म्हणतात. त्या मला मनोहर म्हणायच्या, आणि जास्त झालं की नुसतं "अरे".

रिटायर झाल्यावर बाया लोणची घालतात, तीर्थाला जातात. ताई रोज सकाळी फिरायला जायच्या. सेक्टरच्या सडकेला झाडणाऱ्या बाया करंजाच्या शेंगांचे ढीग करून पेटवत होत्या. ताई थांबल्या. म्हणाल्या, "कावून जाळता व?" बायांना मराठी कुठली कळते. पण मॅडमचा आवाज कळला, काडी विझवली. तिथून ते सुरू झालं. उतईच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथल्या बाया वेचायला तयार झाल्या. बिसाहिनबाई त्यांच्यातल्या पुढारी. आल्या आहेत, मागे खांबाजवळ बसल्या आहेत. ताईंच्या नेहरू नगरच्या घराला गॅरेज होतं, त्यात गाडी कधी आलीच नाही, त्यात घाणी आली. ड्रम आले. शेजारी म्हणाले, मॅडम दारू काढून राहिल्या.

आता माझं सांगतो, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि तीच अडचण आहे.

मी सायकल रिक्षावर दुसऱ्याच्या खुर्च्या वाहून मोठा झालो. शाळा आठवीपर्यंत. मला देवानं, म्हणजे आपण देव मानत नाही, मला आईनं एकच गोष्ट चांगली दिली, ती म्हणजे कान. इंजिनचा आवाज ऐकला की त्याच्या पोटात काय चाललं आहे ते मी सांगतो. बेअरिंग जातंय, हवा धरली, तेलात भेसळ आहे. एकदा वरात चालली होती, बँड वाजत होता, मी सडकेच्या पलीकडे पान खात होतो. तिथून मी ओळखलं की माझ्या जनरेटरमध्ये रॉकेल पडलं आहे. जाऊन ऑपरेटरला विचारलं. तो रडायलाच लागला. खरी गोष्ट आहे, तुमच्यातल्या पुष्कळांनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे. पुष्कळदा ऐकली आहे.

त्या दिवसापासून मी म्हणायला लागलो: "माह्या मशीनमंधी डिझेल सोडून थेंबभर काही गेलं, तं मले गेटवरूनच समजते." हे मी एवढं म्हटलं की ते माझं बोर्ड झालं. लोक आपली मशीनं माझ्याकडे नुसती ऐकवायला आणू लागले. स्कूलबसवाले, आटाचक्कीवाले, उतईकडचे पंपवाले. मी कान लावायचो, दोन शब्द बोलायचो, आणि ते माझा शब्द घेऊन जायचे.

तर ताई माझ्याकडे आल्या. हातात अशीच बाटली.

"मनोहर, हे घे. तुह्या जनरेटरमंधी टाकून पाह्य."

मी म्हटलं, "ताई, हे काय आहे?"

"डिझेल. झाडाचं."

"झाडाचं तं फळ असते."

"अरे, टाकून तं पाह्य. बिघडलं तं मी भरून देईन."

मी बाटली हलवली. आत गोळा हलला. पांढरा, मऊ. मी बोट घातलं, अंगठ्यानं चोळलं, फेस आला. पहिल्याच खेपेला तेल ओलं राहिलं होतं, कॉस्टिक जास्त पडलं होतं, आणि सगळ्या तेलाचा साबण झाला होता. ताईंनी घाईत गाळून वरचं भरून आणलं होतं. त्यांचीही चूकच ती. त्या घाई करायच्या, लहान मुलासारखी. पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला.

मी काय केलं? मी दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, "या रे, हात धुऊन घ्या. मॅडमनं इंजिनासाठी साबण आणला आहे."

सगळे हसले. ताईही हसल्या. मग महिन्याभरानं आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी त्याच साबणाची वडी कागदात बांधून मला दिली. म्हणाल्या, "घे. तोंड धू." तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूनं हसलात. हिशेब बरोबर झाला असं मला वाटलं. झाला नव्हता, कारण साबणाची गोष्ट मी सोडली नाही. भारी गोष्ट होती ती. जिथे जाईन तिथे सांगायचो. लोकांनाही आवडायची.

ताईंनी दुसऱ्या खेपेला चूक सुधारली. तिसऱ्या खेपेला तेल असं निघालं, जसं इथे बाटलीत दिसतं आहे. पलीकडचं वाचता येईल असं. त्या पुन्हा आल्या.

"आता पाह्य."

मी बाटली उजेडात धरली. म्हटलं, "दिसते तं बरं."

"टाक मग."

"ताई, मशीन माह्यी रोजी आहे. दिसते बरं म्हणून मी काही बी टाकत नाही."

"अरे, तुले तर कानानं समजते ना? टाक, ऐक, नाही पटलं तं काढून टाक."

मी हसलो. बाटली परत दिली. म्हटलं, "ताई, हे ऐकाची गरज नाही मले. न ऐकताच समजते."

आता मला सांगा, हे वाक्य कसं वाटतं तुम्हाला? ज्या माणसाचं सगळं नाव ऐकण्यावर आहे, तो म्हणतो, ऐकायची गरज नाही. त्या दिवशी दुकानात कोणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही.

मग ताई दुसरीकडे गेल्या. स्कूलबसवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, मनोहरभाऊला विचारून सांगतो. आटाचक्कीवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, मनोहरभाऊ काय म्हणतात? ते माझ्याकडे यायचे, आणि मी म्हणायचो, "कपडे धुवाले चांगलं आहे." बस. एवढंच. मी कधी वाईट म्हटलं नाही, मी कधी खराब म्हटलं नाही. मी फक्त तेवढं बोलायचो आणि चहा मागवायचो. ते हसत परत जायचे आणि ताईंना सांगायचे, पुढच्या साली पाहू.

तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या बोलण्यानं काय होतं. मीही हेच म्हणत होतो. पण ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्यापैकी किती जण आज इथे बसले आहेत ते मला या माइकवरून दिसतं आहे. खाली पाहू नका. तुम्ही माझा शब्द घेतला. माझा शब्द तपासलेला आहे असं तुम्हाला वाटलं. तो तपासलेला नव्हता.

ताईंचं तेल चाललं कुठे? एकाच ठिकाणी. बिसाहिनबाईंच्या वस्तीत भाजीची बाडी आहे, तिथल्या पंपावर. घाणीची पेंड त्यांच्या वांग्यांना, तेल त्यांच्या पंपाला. एवढाच त्या तेलाचा संसार. बिसाहिनबाई एकदा माझ्याकडे खुर्च्या मागायला आल्या होत्या. मी साबणाची गोष्ट त्यांनाही सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हमर पंप तो चलत हे, भइया. तोर मसीन मा का हीरा लगे हे?"

माझ्या मशीनमध्ये काय हिरे लागले आहेत? मी ती पण गोष्ट म्हणून लोकांना सांगितली. तीही लोकांना आवडली.

आणि मग माझ्या लेकीचं लग्न. याच हॉलमध्ये. तुम्ही सगळे होता. दुपारचं लग्न, मे महिना, आणि मंगल गाथा चालू असताना लाइट गेली. जनरेटर सुरू झाला. कूलर फिरले, माइक आला, माझी छाती फुगली. नागपूरचे व्याही पहिल्यांदाच भिलाईला आले होते. मध्ये एकदा मशीन अडखळलं, बंद पडलं, थोड्या वेळानं परत लागलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हवा धरली असेल. आणि जेवणं सुरू झाली तशी मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर मशीनजवळ घेऊन गेलो.

म्हटलं, "ऐका. लोणी आहे लोणी. अस्सल डिझेल. आमच्या इथं एक मॅडम आहेत, त्या साबणावर इंजिन चालवतो म्हणतात. ते माह्या मशीनमंधी गेलं असतं, तं मले गेटवरूनच समजलं असतं."

व्याही हसले. आणि मी वळून पाहिलं तर कडुलिंबाखाली खुर्चीवर ताई बसल्या होत्या. हातात ताट. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्यांनी घास गिळला, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे रे, मनोहर."

मी ती त्यांची हार समजलो. पुढच्या आठवड्यात दुकानात सांगितलं, आता तर मॅडमनीच कबूल केलं.

त्यानंतर ताई माझ्याकडे बाटली घेऊन आल्या नाहीत. भेटायच्या, बोलायच्या, चहा प्यायच्या. तेलाचं नाव काढायच्या नाहीत. मी मनात म्हटलं, समजल्या.

गेल्या आठवड्यात ताई झोपेतच गेल्या. त्यांच्या अंगणातला मंडप मीच घातला. अंत्यविधी करून परत येताना गाडीत मी आणि माझा जुना ऑपरेटर रामखिलावन, दोघेच होतो. माझ्याहून वयानं मोठा आहे तो. बोलत नाही फारसा. गाडी चालवता चालवता मी आपलं बोलून गेलो, ताई गेल्या, पण शेवटपर्यंत त्यांना तेलाचं वेड राहिलं.

रामखिलावन म्हणाला, "भैया, एक बात हे. रिस झन करबे."

रागावू नको म्हणाला. मग म्हणाला, "बेटी के बिहाव मा डीजल खतम हो गे रिहिस. पंप मा लाइन रिहिस. मैडम के घर पाछूच मा हे. दू ठन डब्बा ले आयेंव."

लग्नाच्या दिवशी डिझेल संपलं होतं. पंपावर रांग होती. तो मागच्या गल्लीत ताईंच्या घरी धावला. ताई लुगडं बदलून लग्नाला निघत होत्या. त्यांनी काही न विचारता गॅरेज उघडलं आणि दोन डबे काढून दिले.

मशीन अडखळलं ते हवेनं नाही. टाकी रिकामी होती म्हणून. ते परत लागलं ते ताईंच्या तेलावर. मी व्याह्यांचा हात धरून ज्या मशीनजवळ उभा होतो, त्याच्या पोटात करंज होता. मला आता आठवतं, मी तेव्हा आचाऱ्याला ओरडून विचारलंही होतं, "काय तळून राहिले, वास छान येऊन राहिला." तो म्हणाला होता, "भाऊ, कढई तं केव्हाच उतरवली." मी पुढे गेलो. नाकानं ओळखलं होतं, पण मी नाकाला कधी मान दिला नाही.

मी रामखिलावनला गाडी थांबवून विचारलं, "मले कावून नाही सांगितलं? इतके दिवस?"

तो म्हणाला, "मैडम मना करे रिहिस. कहिस, मनोहर ल झन बताबे. बेटी के बिहाव हे, मुंह उतर जाही."

मनोहरला सांगू नको. लेकीचं लग्न आहे, त्याचं तोंड उतरेल.

त्या खुर्चीवर बसल्या होत्या ना, ताट घेऊन. एक वाक्य बोलल्या असत्या तर माझे व्याही, माझे गिऱ्हाईक, तुम्ही सगळे, सगळ्यांच्या देखत ताईंचं तेल खरं ठरलं असतं. बसवाल्यांनी घेतलं असतं. घाणी जोरात चालली असती. त्यांना तोंड उघडायचं होतं फक्त. त्यांनी घास गिळला आणि माझ्या मशीनचा आवाज छान आहे म्हणाल्या. आणि मी ते वाक्य घेऊन गावभर त्यांच्याच विरुद्ध वापरलं.

मी आजवर पुष्कळ गोष्टींची लाज गिळली आहे. रिक्षावाला म्हणून लोकांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्याची वाटली नाही. आठवी पास म्हणून हसले, त्याची वाटली नाही. ही वाटते. झोपताना वाटते, जेवताना वाटते, कोणी मनोहरभाऊ म्हटलं की वाटते.

परवा ताईंची मुलगी शालिनी गॅरेज आवरत होती. रसमड्याचा एक भंगारवाला घाणी पाहून गेला होता. मी म्हटलं, "बेटा, विकू नको. मी पाहतो." तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाली, "काका, अब? जब मम्मी थी, तब तो आप..." तिच्या आईवर गेली आहे, पुढचं ती पण बोलली नाही.

बरोबर आहे तिचं. मी तिला घाणी ठेव असं सांगू शकत नाही. माझ्या शब्दावर तिनं का ठेवावी? माझ्या शब्दावर तुम्हीही काही करू नका. आज तेच सांगायला उभा आहे. बिसाहिनबाईंच्या घरी यंदाच्या शेंगांची पोती भरून ठेवलेली आहेत. मघाशी दारात मला म्हणाल्या, "अब कोन लिही, भइया?" आता कोण घेणार? मी हो म्हटलं तर त्यांना वाटेल मी उपकार करतो आहे, आणि माझ्याजवळ उपकार करायला काही उरलेलं नाही. भंगारवाला उद्या येणार आहे. शालिनी इथे पहिल्या रांगेत बसली आहे, आणि तुम्ही बसवाले, चक्कीवाले, पंपवाले सगळे तिच्या मागे बसला आहात. तिला काय सांगायचं ते तुमच्या कानांनी ऐकून ठरवा. माझ्या नाही.

म्हणून आज सकाळी मी एक केलं. माझ्या गोदामातून दोन जनरेटर आणवले. एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. रामखिलावनच्या हातात पंपावरचं डिझेल दिलं आणि ताईंच्या गॅरेजमधला शेवटचा डबा दिला. म्हटलं, एकात हे टाक, एकात ते टाक. मशीनं हॉलच्या मागे भिंतीआड ठेव. लाइट गेली की तुला वाटेल ते सुरू कर. मला सांगू नको. मी मागे गेलो नाही.

आता सगळे उभे राहा. माइक मी बंद करतो, पण जनरेटर बंद करायचा नाही. नेहमी आपण शांततेसाठी तो बंद करतो, आज राहू द्या. दोन मिनिटं कोणी बोलू नका, खोकलाही दाबा, आणि नीट ऐका.

ताई, तुम्हाला माझा शेवटचा जय भीम.

भाषण सुरू केल्यापासून माझा एक कान तिकडेच आहे. बाहेर दोघांतलं कोणतं मशीन चालू आहे, मला माहीत नाही.